मार्चमधलं केंब्रिज : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

केंब्रिजला कधी जावं असं विचारलं की इंग्लंडात राहणारी आपली बरीच मंडळी ‘उन्हाळ्यात या’ म्हणून मोकळी होतात. माझं मत वेगळं आहे. मार्चचे पहिले दोन-अडीच आठवडे गाठा. थंडी वाजेल, झाडं बहुतेक बोडकी असतील, पण गवतात फुलं आलेली असतील, कॉलेजं चालू असतील, त्यांची दारं पाहुण्यांना उघडी असतील आणि किंग्ज परेड या गावाच्या मुख्य रस्त्यावर धक्के न खाता चालता येईल. या चारही गोष्टी एकत्र फक्त याच दिवसांत मिळतात.

कारण साधं आहे. केंब्रिज हे विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालणारं गाव. वस्ती जेमतेम दीड लाखाची, कॉलेजं ३१. इथली लेंट टर्म जानेवारीच्या मध्याला सुरू होते आणि मार्चच्या मध्याच्या आसपास संपते. त्यानंतर ईस्टरची सुट्टी. एप्रिलच्या अखेरीस जी टर्म उघडते ती परीक्षांची, आणि त्या काळात जूनच्या मध्यापर्यंत बरीच कॉलेजं फाटकावर सरळ ‘बंद’ची पाटी लावतात. मे महिन्यात हिरवळ बघायला आलेले लोक मग भिंतींचे फोटो काढून परत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये दारं उघडतात, पण तेव्हा विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि त्यांची जागा बसगाड्या भरून आलेल्या पर्यटकांनी घेतलेली असते.

तारीख ठरवताना

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या ‘फुल टर्म’च्या तारखा दिलेल्या असतात, त्या आधी पाहा. मग कॅलेंडरवर चार खुणा करा.

पहिली खूण सोमवारवर काट मारण्याची. फिट्झविल्यम म्युझियमसह काही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. दुसरी, इंग्लंडचा मदर्स डे. तो मेमध्ये नसतो, ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी, म्हणजे बहुधा मार्चमध्येच येतो. त्या दिवशी दुपारच्या जेवणाला टेबल मिळणं मुश्किल. तिसरी, हाफ मॅरेथॉन. ती साधारण मार्चच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी असते आणि गावातले रस्ते सकाळभर बंद राहतात. चौथी, मार्चचा शेवटचा रविवार. त्या पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही, आणि परतीची गाडी चुकते ती अशीच.

रविवारी येणार असाल तर रेल्वेचं काम नाही ना, हे आदल्या दिवशी बघून घ्या. काम असलं की अर्ध्या वाटेत बसमध्ये बसवतात आणि तासाचा प्रवास अडीच तासांचा होतो. माझ्या मते मंगळवार ते शुक्रवारमधला कुठलाही दिवस सगळ्यांत चांगला.

काय घालायचं

फोनवर ‘११ अंश’ दिसेल. त्यावर विसंबू नका. दुपारचं तापमान साधारण तेवढंच असतं, पण केंब्रिजच्या भोवतीचा मुलूख ताटासारखा सपाट आहे. पूर्वेकडून वारा सुटला की त्याला अडवायला टेकडी म्हणून नाही. पुण्यात होळी झाल्यावर स्वेटर माळ्यावर टाकून विमानात बसलेल्या आईवडिलांना हा वारा पहिल्या दहा मिनिटांत गाठतो. म्हणून एक जाड कोट आणण्यापेक्षा तीन थर घाला : आत अंगाबरोबरचा थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी हवीच. मफलरही आणा, साडीवरही शोभतो.

पाऊस? केंब्रिज इंग्लंडच्या कोरड्या भागात येतं. सह्याद्रीच्या घाटावर एका आठवड्यात पडेल तेवढा पाऊस इथे वर्षभरात पडतो. पण तो भुरभुर पडतो, कधीही पडतो, आणि वाऱ्यामुळे छत्री उलटी होते. टोपीचं जाकीट बरं. बूट मात्र चिखल सोसणारे घाला. आणि दगडी फरशांचे रस्ते असल्यामुळे टाचांच्या चपला हॉटेलवरच ठेवा.

पोचायचं कसं

लंडनहून किंग्ज क्रॉस स्टेशनवरून जलद गाडी पन्नास मिनिटांच्या आसपास घेते. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, त्या सावकाश येतात. तिकीट काढताना दोन गोष्टी बघा. कामाच्या दिवशी सकाळची गर्दीची वेळ टाळून निघालात तर ‘ऑफ-पीक’ तिकीट बरंच स्वस्त पडतं. आणि तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ‘ग्रूपसेव्ह’ नावाची सवलत मागा, भाडं एक तृतीयांशाने उतरतं. आपण सहसा कुटुंब-कबिल्यासह निघतो, त्यामुळे ही सवलत आपल्यासाठीच काढली असावी असं मला वाटतं.

भारतातून आलेलं विमान हीथ्रोला उतरत असेल आणि थेट केंब्रिज गाठायचं असेल, तर सामान घेऊन लंडनच्या भुयारी रेल्वेत झटापट करू नका. हीथ्रोवरून नॅशनल एक्स्प्रेस या कंपनीची बस थेट येते. वेळ जास्त लागतो, पण बॅगा एकदाच ठेवायच्या आणि पार्कर्स पीस नावाच्या मैदानाच्या कडेला उतरायचं. मोटारीने येणाऱ्यांनी गावात शिरण्याचा विचारच करू नये. गल्ल्या अरुंद आहेत, पार्किंग महाग आहे. वेशीवर पाच ‘पार्क अँड राइड’ वाहनतळ आहेत, तिथे गाडी लावून बसने आत या.

स्टेशन गावाच्या मध्यभागी नाही. चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बहुतेक जण बस पकडतात. पण मार्चमध्ये आला असाल तर बस सोडून द्या. खालचा क्रम धरलात तर हे अंतर चालल्याचं कळणारही नाही.

सकाळ : बागेतून गावात

स्टेशनमधून बाहेर पडून सरळ स्टेशन रोडने चालत आलात की समोर हिल्स रोडवर विद्यापीठाच्या बोटॅनिक गार्डनचं एक फाटक लागतं. तिकीट काढून आत जा. ही बाग १८४६ साली या जागी उघडली. ती उभी करणारे प्राध्यापक हेन्स्लो म्हणजे डार्विनचे गुरू. बागेत ‘विंटर गार्डन’ नावाचा एक कोपरा केवळ थंडीत बघण्यासाठी लावलेला आहे. फुलं नसताना लाल, पिवळ्या, पांढऱ्या खोडांनी आणि काटक्यांनी केवढा रंग उभा करता येतो ते तिथे दिसतं. हा कोपरा उन्हाळ्यात येणाऱ्यांच्या नशिबी नाही. काचघरं उबदार असतात, तिथे केळीचं झाड बघून कोकणातल्या पाहुण्यांना हसू येतं, पण हात शेकायला ती जागा उत्तम.

याच गावात वनस्पतिशास्त्र शिकून गेलेल्या एका मराठी माणसाची आठवण इथेच काढायला हवी. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख जीझस कॉलेजात होते. १९१७ साली ते इथली ट्रायपॉस ही पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वनस्पतिशास्त्राचं पारितोषिकही त्यांनी मिळवलं. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, हे आपल्याला ठाऊक असतं. फुलापानांचा हा भाग सहसा सांगितला जात नाही.

बागेच्या दुसऱ्या टोकाला ब्रुकसाइड फाटक आहे, तिथून ट्रम्पिंग्टन रोडवर बाहेर पडा आणि उजवीकडे वळा. थोड्या वेळात रस्त्याच्या दोन्ही कडांना उघडे दगडी पाट दिसतील. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गावात स्वच्छ पाणी आणण्यासाठी काढलेल्या हॉब्सनच्या कालव्याचे ते अवशेष. बघायला छान, पण फोनमध्ये डोकं घालून चालणाऱ्याचा पाय हमखास त्यात जातो. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर विशेष जपा.

फिट्झविल्यम म्युझियम याच रस्त्यावर आहे. प्रवेश फुकट. आत दिवस घालवता येईल एवढा ऐवज आहे, पण पहिल्या फेरीत तासभर पुरे. इजिप्तची दालनं तळमजल्यावर, चित्रं वर. स्वच्छतागृह आणि कॉफीसाठीही हा थांबा सोयीचा.

बाहेर आलात की म्युझियमच्या समोरच्या ओळीतल्या घरांकडे एक नजर टाका. आजचं फिट्झविल्यम कॉलेज गावाच्या वायव्येला हंटिंग्डन रोडकडे आहे, पण १९६३ पर्यंत ते फिट्झविल्यम हाउस या नावाने इथेच होतं. बनारसहून आलेले जयंत नारळीकर याच संस्थेचे विद्यार्थी. पुढे फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली, किंग्ज कॉलेजचे फेलो, म्हणजे तिथल्या विद्वान मंडळींपैकी एक, झाले आणि १९७२ पर्यंत इथे राहून मुंबईला परतले. स्मारक वगैरे काही शोधू नका. मुलांना एवढं सांगा की त्यांच्या पाठ्यपुस्तकातले आजोबा विशीत असताना सकाळी याच रस्त्यावर सायकल काढायचे. सायकलचं मी छातीठोकपणे सांगतोय, कारण केंब्रिजचा विद्यार्थी आणि सायकल नाही, हे घडत नाही.

सायकली

सायकलींबद्दल वेगळं सांगायला हवं. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, त्यामुळे आपण गाफील राहतो. पण काही एकेरी रस्त्यांवर सायकलींना उलट दिशेने यायला परवानगी आहे, आणि त्यांचा आवाज येत नाही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा. फोटोसाठी मागे-मागे सरकत रस्त्यावर उतरू नका. इथे अपघात मोटारींपेक्षा असे होतात.

किंग्ज परेड आणि कॉलेजांची रीत

ट्रम्पिंग्टन स्ट्रीटचंच पुढे किंग्ज परेड होतं. कोपऱ्यावर, बेनेट स्ट्रीटच्या तोंडाशी, काचेआड एक सोनेरी तबकडी आणि तिच्यावर टोळाच्या आकाराचा भेसूर कीटक दिसेल. हे कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं घड्याळ. २००८ साली स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. कीटक सेकंद खात पुढे सरकतो. घड्याळ मुद्दाम अनियमित चालतं आणि दर पाच मिनिटांनी एकदाच अचूक वेळ दाखवतं, तेव्हा गाडीची वेळ त्याच्यावर ठरवू नका.

बेनेट स्ट्रीटवर आत वळलात की ‘द ईगल’ नावाचा पब. २८ फेब्रुवारी १९५३ ला दुपारी फ्रान्सिस क्रिक इथे येऊन ‘जीवनाचं रहस्य आम्हाला सापडलं’ असं सांगत सुटले, ही डीएनएची रचना उलगडल्याची गोष्ट. त्यांची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेव्हा मागच्या फ्री स्कूल लेनमध्ये होती. पबसमोरच्या सेंट बेनेट चर्चचा मनोरा सुमारे हजार वर्षांचा आहे. गावातली सगळ्यांत जुनी उभी वास्तू तीच, आणि तिच्याकडे पाठ करून लोक पबचा फोटो काढतात.

आता कॉलेजं. नव्या माणसाचा गोंधळ इथे होतो. ‘विद्यापीठ कुठे आहे?’ असं विचारलंत तर लोक हसून सगळीकडे हात दाखवतील. एकच आवार नाही. प्रत्येक कॉलेज स्वतंत्र, त्याचं फाटक वेगळं, तिकीट वेगळं, वेळा वेगळ्या. फाटकात ‘पोर्टर्स लॉज’ असतं. काळ्या कोटातला माणूस हा पहारेकरी नव्हे, कॉलेजचा खरा कारभारी तो. आधी त्याला नमस्कार-चमत्कार करून ‘आज आत जाता येईल का?’ विचारा. नम्रपणे विचारणाऱ्याला तो हवी ती माहिती देतो, घुसणाऱ्याला बाहेर काढतो. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. तो मान बहुतेक कॉलेजांत फेलो मंडळींचा. जिन्यांच्या दारांवर नावांच्या पाट्या दिसतील, त्या विद्यार्थ्यांच्या राहत्या खोल्या आहेत. आत डोकावू नका.

तिकीट कुठे काढावं? माझं उत्तर : फक्त किंग्ज कॉलेजमध्ये, आणि तेही तिथल्या चॅपलसाठी, म्हणजे प्रार्थनामंदिरासाठी. सहाव्या हेन्रीने १४४६ साली काम सुरू केलं, मध्ये यादवी झाली, राजे बदलले आणि जॉन वेस्टेल या गवंड्याने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत छत पुरं केलं. पंख्यासारख्या उलगडणाऱ्या दगडी कमानींचं एवढं मोठं छत जगात दुसरं नाही. बाकांवर बसा आणि मान वर करा. दुसऱ्या महायुद्धात इथल्या रंगीत काचा उतरवून लपवून ठेवल्या होत्या, म्हणून त्या आजही सोळाव्या शतकातल्याच आहेत. वेदीमागे रूबेन्स या चित्रकाराचं मोठं चित्र आहे.

बाकीच्या मोठ्या कॉलेजांचं तिकीट काढत सुटलात तर चार जणांचा खर्च बराच होतो आणि तिसऱ्या अंगणानंतर सगळी अंगणं सारखी दिसायला लागतात. त्याऐवजी इमॅन्युएल किंवा क्राइस्ट्‌स अशा ठिकाणी जा. तिथे सहसा पैसे घेत नाहीत. इमॅन्युएलच्या तळ्यात बदकं आहेत, लहान मुलांची दुपार तिथे निघते. क्राइस्ट्‌समध्ये डार्विन शिकले, आणि आपले जगदीशचंद्र बोसही.

आपल्या माणसांची वाट

किंग्जच्या चॅपललगत पांढऱ्या दगडाची, खांबांची इमारत म्हणजे सेनेट हाउस. इथे मराठी पाहुण्याने थोडं थांबावं. गणिताच्या ट्रायपॉसचा निकाल इथे मोठ्याने वाचला जाई, गुणानुक्रमासह. पहिल्या वर्गातल्यांना रँग्लर म्हणत आणि पहिला येणारा सीनियर रँग्लर. १८९९ साली त्या जागी दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा एक मुलगा, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, उभा होता. तो मान मिळवणारा पहिला भारतीय. फर्ग्युसनमधून आलेला हा मुलगा परत फर्ग्युसनलाच जाऊन प्राचार्य झाला. १९०९ नंतर असे क्रमांक जाहीर करणंच बंद झालं.

ट्रिनिटी स्ट्रीटने पुढे या. ट्रिनिटी कॉलेजच्या दरवाजावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या हातातला राजदंड नीट पाहा, तो खुर्चीचा पाय आहे. विद्यार्थ्यांचा उपद्व्याप, कॉलेजने तसाच ठेवला. दरवाजाच्या उजवीकडच्या छोट्या हिरवळीत सफरचंदाचं एक झाड आहे, न्यूटनच्या गावच्या झाडाचं वंशज. मार्चमध्ये त्यावर पानही नसतं, त्यामुळे गर्दीही नसते. मागच्या बाजूलाच न्यूटनच्या खोल्या होत्या. रामानुजन १९१४ ते १९१९ या काळात याच कॉलेजात होते. त्यांची ‘हरवलेली’ म्हणून प्रसिद्ध झालेली हस्तलिखितं १९७६ साली ट्रिनिटीच्या रेन लायब्ररीत सापडली. लायब्ररी पाहुण्यांना मोजक्याच वेळात खुली असते, वेळ कॉलेजच्या संकेतस्थळावर बघूनच जा. पंडित नेहरूही ट्रिनिटीचेच.

शेजारचं सेंट जॉन्स हे परांजप्यांचं कॉलेज. डॉ. मनमोहन सिंगही तिथलेच.

परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या. ते नदीपलीकडे सिज्विक अ‍ॅव्हेन्यूवर आहे. लाल विटांचं, मोठ्या बागेचं, मला स्वतःला इथलं सर्वांत आवडतं कॉलेज. त्या काळी मुलींना परीक्षा देता येई, पण विद्यापीठाची पूर्ण पदवी १९४८ सालापर्यंत मिळत नसे. डीएनएच्या गोष्टीतल्या रोझलिंड फ्रँकलिनही न्यूनहॅमच्याच. बाप-लेकीची ही दोन कॉलेजं एका दुपारी पायी बघून होतात.

फुलं आणि नदी

कॉलेजांच्या मागच्या अंगाला कॅम नदी वाहते. तिच्या पलीकडच्या हिरव्या पट्ट्याला ‘बॅक्स’ म्हणतात. केंब्रिजचा वसंत इथे जमिनीवरून सुरू होतो. आधी फेब्रुवारीत पांढरे स्नोड्रॉप आणि पिवळे अ‍ॅकोनाइट, मग फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत जांभळे-पांढरे क्रोकस, आणि ते उतरू लागले की डॅफोडिल. क्रोकस म्हणजे केशराचं सख्खं भावंड. इथून दक्षिणेला असलेल्या सॅफ्रन वॉल्डन गावात एके काळी खऱ्या केशराची शेती होत असे. ट्रिनिटीच्या मागच्या झाडांच्या रांगेखालचे क्रोकस क्वीन्स रोडच्या पदपथावरून फुकट दिसतात. ऊन असेल त्या वेळी जा, कारण ढग आले की ती फुलं मिटतात. तोडू नका आणि फोटोसाठी त्यांच्यात बसू नका, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

कॉलेजात न शिरता नदी बघायची असेल तर गॅरेट हॉस्टेल लेन शोधा. ट्रिनिटी लेनकडून निघणारी ही चिंचोळी गल्ली सार्वजनिक पुलावर येते आणि तिथून दोन्ही अंगांना कॉलेजं, पूल, नदी सगळं दिसतं. क्वीन्स कॉलेजचा लाकडी ‘मॅथेमॅटिकल ब्रिज’ही तसाच सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून दिसतो. तो न्यूटनने बांधला असं कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. न्यूटन १७२७ मध्ये वारले, पूल १७४९ चा.

आता पंट. सपाट बुडाची लांब होडी, मागे उभा राहून लांब काठीने ढकलायची. मार्चमध्ये स्वतः चालवायच्या फंदात पडू नका. काठी चिखलात रुतते, माणूस काठी सोडत नाही, होडी पुढे जाते आणि पाणी बर्फगार असतं. चालवणाऱ्यासकट पंट घ्या, पाऊण तासात मॉडलिन पुलापासून सिल्व्हर स्ट्रीटपर्यंतचे सगळे पूल होतात. गुडघ्यांवर घ्यायला पांघरूण मागा. किंग्ज परेडवर फलक घेऊन उभी असलेली मुलं पहिला भाव चढा सांगतात. थोडं चालत नदीवरच्या धक्क्यावर गेलात तर दोन-तीन ठिकाणी विचारता येतं, आणि थंडीतल्या आडवारी भाव उतरतोही. घासाघीस करायला लाजू नका. चालवणारा ज्या कथा सांगेल त्यांतल्या निम्म्या खोट्या असतात, पण सांगतो मजेत.

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या पहिल्या दिवसांत आलात तर आणखी एक तमाशा फुकट बघायला मिळतो : ‘लेंट बम्प्स’. कॅम अरुंद आहे, दोन होड्या शेजारी-शेजारी पळवायला जागा नाही. म्हणून कॉलेजांच्या होड्या एकामागे एक ठरावीक अंतरावर उभ्या करतात, तोफ उडते, आणि पुढच्या होडीला जाऊन धडकायचं. धडक बसली की दुसऱ्या दिवशी जागा बदलतात. जिंकलेली मुलं डोक्यात हिरव्या फांद्या खोचून परत वल्हवत येतात. शर्यत गावाबाहेर फेन डिटनच्या बाजूला होते. मिडसमर कॉमनपासून नदीकाठाने खाली चालत जा, नाहीतर केंब्रिज नॉर्थ स्टेशनवर उतरा. काठावरच्या वाटेत मध्ये उभं राहू नका, सायकलवर ओरडत येणारे प्रशिक्षक थांबत नाहीत.

पोटोबा

रामानुजन ट्रिनिटीचं जेवण टाळून खोलीत स्वतः रांधत. आता ती वेळ येत नाही, पण एक लक्षात ठेवा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की इथे अंडं धरलेलं असतं. अंडं नको असेल तर ‘व्हीगन’ मागा किंवा स्पष्ट विचारा. दुपारी मध्यावरच्या बाजारचौकात गरम खाण्याचे गाडे लागतात, स्वस्त आणि पटकन. बसायला जागा मात्र नसते. पबमध्ये ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची असते, टेबलावर वाट बघत बसलात तर कुणी येत नाही. साधं पाणी फुकट मिळतं, ‘टॅप वॉटर’ म्हणा. फिट्झबिलीज या जुन्या बेकरीचा चेल्सी बन चिकट, गोड आणि दोघांत एक पुरेल एवढा असतो. भारतीय किराणा, मसाले किंवा संध्याकाळचं देशी जेवण हवं असेल तर पार्कर्स पीस ओलांडून मिल रोडवर जा.

पार्कर्स पीस ओलांडताना क्रिकेटवेड्यांनी बरोबरच्यांना सांगावं की इंग्लंडचा फलंदाज जॅक हॉब्ज याच मैदानावर खेळून मोठा झाला आणि ट्रिनिटीत शिकणारा रणजी इथे बॅट चालवत असे.

संध्याकाळ : इव्हनसाँग

दिवसात एकच गोष्ट करायची असेल तर मी ही सांगेन. टर्म चालू असताना किंग्जच्या चॅपलमध्ये बहुतेक दिवशी सायंप्रार्थना गातात, साधारण साडेपाचच्या सुमारास. रविवारी ती दुपारी असते. प्रवेशाला पैसे नाहीत, धर्म कुणी विचारत नाही. सकाळी तिकीट काढून जे छत पाहिलं, त्याच छताखाली मेणबत्त्यांच्या उजेडात लहान मुलं आणि विद्यार्थी गातात, आणि सूर वर जाऊन कमानींमधून काही क्षण उशिरा परत येतो. संगीताचा कान असलेल्या कुणालाही, शब्द न कळता, हे कळतं. पैसे वाचवायचे असतील तर सकाळचं तिकीट गाळा, हे गाळू नका.

अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभे राहा. फोन बंद. फोटो नाहीत. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. मध्येच उठून जाता येत नाही, म्हणून अगदी लहान बाळ असेल तर एकाने बाहेर थांबावं. जाण्याआधी लायन यार्ड या बाजारसंकुलातलं स्वच्छतागृह गाठून या. टर्म संपल्यावर आलात तर गायकांना सुट्टी असते, म्हणून तर सुरुवातीला टर्मच्या तारखा बघायला सांगितल्या.

मार्चच्या सुरुवातीला पावणेसहाला सूर्य मावळतो. बाहेर याल तेव्हा अंधार आणि चांगलीच थंडी असेल. स्टेशनला परत चालत जाऊ नका, बस घ्या.

मुक्काम असेल, किंवा मुलगा-मुलगी इथे शिकत असेल तर

दुसरा दिवस मोकळा असेल तर रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांत ईली या गावाला पोचता. मैलोन्‌मैल सपाट, पाण्याने भरलेल्या काळ्या शेतांतून एकाएकी कॅथेड्रल उभं राहतं. १३२२ मध्ये त्याचा मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी आठ कोनांचा लाकडी कंदील बसवला, तो बघायलाच जायचं. जवळच्या ग्रँचेस्टर गावाकडे जाणारी कुरणातली वाट प्रसिद्ध आहे, पण मार्चमध्ये ती चिखलाची असते. गुडघे धड असतील आणि बूट जाडे असतील तरच.

मुलं इथे शिकत असतील तर त्यांच्या ओळखपत्रावर तुम्हाला त्यांच्या कॉलेजात सहसा फुकट नेता येतं. आणि त्यांना ‘फॉर्मल हॉल’ची, म्हणजे कॉलेजातल्या थाटाच्या रात्रीच्या जेवणाची, दोन पाहुण्यांची तिकिटं काढायला सांगा. लांब टेबलं, मेणबत्त्या, झगे घातलेले विद्यार्थी, जेवणाआधी लॅटिनमधली प्रार्थना. हे फक्त टर्ममध्ये असतं आणि जागा लवकर संपतात. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच नोंदवा, त्या रात्री सांगून उपयोग नाही. आईने रेशमी साडी नेसावी, वडिलांनी कोट किंवा बंदगळा. जुन्या दालनांत ऊब बेताचीच असते, साडीच्या आत थर्मल असू द्या.